तुम्ही तुम्हीच कशावरून?

मेश्राम मॅडम आणि मी अकरा वर्षं एकाच खोलीत समोरासमोर बसतो. त्यांचा स्टेपलर मला लागतो, माझी फूटपट्टी त्यांना लागते. माझी रक्तदाबाची गोळी चुकली तर माझ्या बायकोच्या आधी त्यांना कळतं, कारण त्या दिवशी मी फायली आपटतो. अशा मेश्राम मॅडमकडे मी एकदा माझ्या शिल्लक रजांचा कागद मागितला. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मला टकलापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं,

"आपण कोण?"

मला वाटलं, बाई आज विनोदाच्या मूडमध्ये आहेत. "मी पानसे," मी म्हणालो.

"ते तुमचं म्हणणं झालं. तुम्ही तुम्हीच कशावरून?"

"अहो मॅडम, अकरा वर्षं समोर बसतोय मी!"

"अकरा वर्षं कोणीतरी बसतं आहे, एवढं मी सांगू शकते. ओळखपत्र?"

मी ओळखपत्र दिलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "यात केस आहेत."

"होते."

"मग दुसरा पुरावा द्या."

मी लायसन्स काढलं, त्यातही केस. विजेचं बिल वडिलांच्या नावावर. शेवटी वैतागून मी बायकोला फोन लावला आणि मॅडमच्या हातात दिला. फोन चालूच होता, पलीकडून बायकोचा आवाज खोलीभर पसरला, "हो, आमचेच आहेत. आता काय केलं त्यांनी?" मॅडमनी फोन सापासारखा दूर धरला आणि माझ्याकडे परत दिला. "ठेवा तो. त्या तिऱ्हाईत आहेत."

माझी सख्खी बायको, चोवीस वर्षांच्या संसारानंतर, त्या दुपारी तिऱ्हाईत झाली. तिला मी हे घरी सांगितलं, तर म्हणाली, "बाई हुशार दिसतात."

आता हा काय प्रकार आहे ते सांगतो. वारज्याच्या पुढे, हायवेच्या कडेला आमची पाण्याचे पंप बनवणारी कंपनी आहे. आमच्या खात्याला आधी 'पर्सोनेल' म्हणत, मग 'एच. आर.' म्हणू लागले, आता दारावर 'पीपल अँड कल्चर' लिहिलंय. पाटी तीनदा बदलली. आत धूळ, लोखंडी कपाटं आणि आम्ही दोघं तेच. मध्यंतरी फर्मान निघालं की कंपनीने आपल्याबद्दल काय काय माहिती ठेवली आहे ते पाहायला मागण्याचा प्रत्येक कामगाराला हक्क आहे आणि अर्ज आला की तीस दिवसांत उत्तर द्यायचं. हे काम कोणी करायचं, यावर बैठक झाली. बैठकीत सगळे साहेब छताच्या पंख्याकडे असे पाहत होते, जणू पंखाच हात वर करणार आहे. शेवटी ते मेश्राम मॅडमच्या गळ्यात पडलं. साहेबांचा हिशोब सरळ होता: कुणी अर्ज करणारच नाही आणि केलाच, तर बाईंचा चेहरा पाहून परत जाईल.

त्यांना ही बाई माहीतच नव्हती.

मॅडम मूळच्या भंडाऱ्याच्या. वडील शाळामास्तर. "लिहिलेलं वाचता आलंच पाहिजे आणि आपल्याबद्दल लिहिलेलं तर मागून वाचलं पाहिजे," असं त्यांनी लेकीला पाटीवरच गिरवून दिलं होतं म्हणे. तीस वर्षं पुण्यात काढून मॅडमची मराठी पुणेकरांना लाजवील इतकी शुद्ध झाली आहे. फक्त राग आला किंवा घाई झाली की ती तडक भंडाऱ्याला निघून जाते. "काय करून राहिले तुम्ही? कागद दाबून राहिले का?" हे वाक्य मजल्यावर ऐकू आलं की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब दुसऱ्या जिन्याने उतरतात.

हक्काचं काम हाती आल्यावर मॅडमनी काय केलं? आधी स्वतःच्या हाताने चार पानी अर्ज तयार केला. मग बोहरी आळीतून टिकल्यांची पाकिटं आणली, अक्षरशः बायका कपाळाला लावतात त्या टिकल्या, सात रंगांत. प्रत्येक अर्जाला एक रंग. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अर्ज आल्याच्या तारखेला एक टिकली आणि मुदत संपते त्या तारखेला दुसरी. महिन्याभरात ते कॅलेंडर असं नटलं की कुरिअरवाल्याने नमस्कार केला.

पण मॅडमचा खरा जीव होता तो काळं करण्यात. नियम असा की तुमच्या कागदावर दुसऱ्या कुणाची माहिती असेल, तर ती झाकून द्यायची. मॅडमनी नियम शब्दशः घेतला आणि शब्दांवर मार्कर घेतला. फूटपट्टी धरायची, रेघ मारायची, कागद ट्यूबलाइटसमोर धरायचा, अक्षर दिसतंय असा संशय आला की पाठीमागूनही मारायची, मग त्याची झेरॉक्स काढायची. विक्री विभागाच्या एका मॅनेजरने आपला उल्लेख असलेल्या सगळ्या ईमेल मागितल्या. त्याला एक गठ्ठा मिळाला. अमावास्येचं आभाळ पानापानाला! तीनशे पानं उलटल्यावर त्याला वाचता येण्याजोगी एकच ओळ सापडली: 'साहेब जेवायला गेले आहेत.' ती त्याने फ्रेम करून लावली म्हणतात. मी पाहिली नाही, पण खोटं वाटत नाही.

आणि गुलाबजामचा किस्सा तर सांगितलाच पाहिजे. दसऱ्याला कॅन्टीनमध्ये माणशी दोन गुलाबजाम होते. स्टोअर्सच्या एकाने चार घेतले, असा बोभाटा झाला. गड्याने छाती ठोकून अर्ज केला, 'माझं कॅमेऱ्यातलं चित्रण मला मिळावं.' मॅडमनी ओळख पटवली, टिकली लावली, कॉम्प्युटरवाल्यांच्या मानगुटीवर बसून चित्रणातल्या बाकी सगळ्यांची तोंडं पुसून घेतली आणि बाविसाव्या दिवशी पेनड्राइव्ह हातात ठेवला. चित्रपट बघायला अख्खी शिफ्ट जमली. पडद्यावर पंचवीस धुरकट गोळे रांगेत सरकताहेत आणि मधोमध लख्ख, हसऱ्या चेहऱ्याचा आमचा एकटा गडी वाटीत गुलाबजाम घेतोय. लोक मोठ्याने मोजत होते. सहा निघाले.

तो मॅडमकडे धावत आला, "मॅडम, हे पुसता नाही का येणार?"

"तुम्ही तिऱ्हाईत असता तर पुसलं असतं," मॅडम म्हणाल्या.

असे दिवस मजेत चालले होते आणि मीही घरी जाऊन रोज नवा किस्सा, थोडं तिखटमीठ लावून, सांगत होतो. मग एका मंगळवारी बबन शेडगे आला.

शेडगे म्हणजे ग्राइंडिंगवरचा कामगार. मुठा खोऱ्यातल्या गावाहून रोज मोटरसायकलवर येतो. बावीस वर्षं झाली, एक दिवस उशीर नाही. दाराशी उभा राहून त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"मॅडम, माज्या कागदात काय हाय ते बघायचंय."

"काऊन?" मॅडम कामात होत्या, त्यामुळे भंडाऱ्याहून बोलल्या. मग सावरल्या. "म्हणजे, कारण सांगायची गरज नाही. तो तुमचा हक्क आहे. पण सांगायचं असेल तर सांगा."

शेडग्याने सांगितलं. शिफ्ट इनचार्जच्या जागेसाठी त्याने तीनदा अर्ज केला होता. तीनदा मुलाखतीला बोलावलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघं इनचार्ज झाले. आता चौथ्यांदा जागा निघाली होती. मुलाखत अठरा दिवसांवर आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे वयाने ही त्याची शेवटची संधी.

"मला कुनी सांगत न्हाई का घेत न्हाईत ते. कायतरी लिवलेलं आसंल. वंगाळ आसलं तरी चालंल, पर कळू दे. घरी बायको इचारती, तुमी केलंय तरी काय? काय सांगू तिला?"

मी इकडे अगदी हळवा झालो होतो. मॅडमनी अर्ज पुढे सरकवला. "तुम्ही तुम्हीच कशावरून?"

शेडग्याने ओळखपत्र शोधलं, ते घरी राहिलं होतं. त्याने एक क्षण विचार केला आणि डावा हात टेबलावर ठेवला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं. "ही तुमच्याच मशिनीत गेलीया. नोंद आसंल बघा."

मॅडम उठल्या, अपघातांचं रजिस्टर काढलं, पानं उलटली. "कुठला हात?"

"डावा."

"बोट?"

"करंगळी. पहिलं पेर."

"जुळतंय," मॅडम म्हणाल्या आणि कॅलेंडरवर लाल टिकली लावली. नंतर अठरा दिवसांनी येणाऱ्या मुलाखतीच्या तारखेला दुसरी लावली, तीस दिवसांच्या तारखेला नाही. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

संगणकावर शेडग्याची नोंद उघडली तेव्हा मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. जन्मतारीख, पत्ता, रक्तगट, हजेरी चोख. आणि वरिष्ठांच्या अभिप्रायाच्या रकान्यात इंग्रजीत एकच ओळ, जिचा अर्थ होता: 'कामात मन नाही.' बस. सगळ्या मुलाखती घेणाऱ्यांनी तीनदा हीच ओळ वाचली असणार.

"बावीस वर्षं एक लेटमार्क नाही, आणि कामात मन नाही?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या.

एवढ्यात आमचे खातेप्रमुख रोहन सर आले. वय बत्तीस, बाणेरला राहतात, बोलतात ते निम्मं मला कळत नाही. त्यांनी स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, "मॅम, हे मास्क करा ना. कॉन्फिडेन्शियल रिमार्क आहे. उगाच इश्यू होईल, तो युनियनकडे जाईल."

"तो त्यांच्याबद्दलचा आहे."

"पण लिहिणारा थर्ड पार्टी आहे ना? तुमचाच रूल आहे मॅम, तिऱ्हाईत!"

रोहन सर स्वतःवर इतके खूष झाले की मी त्यांना पाणी देणार होतो. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "लिहिणाऱ्याचं नाव मी काळं करीन सर. मत नाही करणार. मत शेडग्यांबद्दलचं आहे, म्हणजे ते शेडग्यांचं आहे."

"मॅम, प्लीज, इतकं लिटरल..."

"काय लपवून राहिले तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. रोहन सर दुसऱ्या जिन्याने गेले.

नुसतं ते देऊन मॅडम मोकळ्या होऊ शकल्या असत्या. पण त्यांचं एक वेड म्हणजे, नोंद दिसली की ती आली कुठून, हे शोधायचं. कॅन्टीनच्या वरच्या पोटमाळ्यावर जुने कागद गठ्ठे करून ठेवलेत. तिथे आठ दिवस मॅडम रोज दुपारी चढत होत्या आणि खाली उतरत तेव्हा त्यांच्या केसांवर इतकी धूळ असे की एकदा वॉचमनने त्यांच्याकडेच ओळखपत्र मागितलं. मॅडमनी ते खूष होऊन दाखवलं.

नवव्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. हाक नेहमीची नव्हती, म्हणून मी पंखा चालू ठेवूनच धावलो.

त्यांच्या हातात दोन कागद होते. पहिला म्हणजे एक पिवळी पडलेली चिठ्ठी. शेडगे नवा असताना त्याच्यावर जे सावंत फोरमन होते, त्यांच्या हातची. सावंत जाऊन बरीच वर्षं झाली. जाड शाईच्या पेनाने मराठीत लिहिलं होतं: 'कामात मान वर करत नाही.'

"अहो, ही तर शाबासकी आहे!" मी ओरडलो.

मॅडमनी दुसरा कागद दिला. ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हाचं प्रिंटआउट. त्या संगणकाला मराठी येत नव्हती, म्हणून फोरमन लोकांच्या सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत उतरवल्या होत्या. तिथे लिहिलं होतं: Kamat man var karat nahi.

मी ते दोनदा वाचलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पुढे कधीतरी नवी यंत्रणा आली, सगळ्या नोंदींचं इंग्रजी करायला कुठल्याशा लांबच्या कंत्राटदाराला दिलं. तिथल्या माणसाला 'काम' कळलं, 'मन' कळलं आणि 'नाही' कळलं. मधलं 'वर' वाऱ्यावर गेलं. नशीब, त्याने हे कुठल्या कामतांच्या नावावर नाही चढवलं. 'मान'मध्ये दोन 'ए' असते तर एकवेळ निभावलं असतं. पण टाइप करणाऱ्याने एकच घातला. एक काना राहिला आणि त्या कान्यापायी एक माणूस बावीस वर्षं होता तिथे बसला.

"कोण हा गाढव टायपिस्ट?" मी म्हणालो.

मॅडमनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. एस. एम.

सुनंदा मेश्राम.

पोटमाळ्यावर खालच्या कॅन्टीनमधला फोडणीचा ठसका येत होता. मॅडम एका गठ्ठ्यावर बसल्या. "त्या वर्षी मी नवीन होते. सहाशे चिठ्ठ्या होत्या, चार दिवस दिले होते. घाई करून राहिली होती मी."

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण कुठल्याही व्यवहारी माणसाने तेच केलं असतं. मी दार लोटलं आणि आवाज उतरवून म्हणालो, "मॅडम, कुणालाही काही कळायची गरज नाही. मूळ चिठ्ठी सापडली, नोंद दुरुस्त केली, शेडगे खूष. आणि हा मधला कागद त्याला द्यायचाच असेल, तर खालची दोन अक्षरं काळी करा. तुमच्या नियमातच बसतं. टाइप करणारा तिऱ्हाईतच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर वाटलं, आता पुन्हा माझी ओळख विचारणार.

"पानसेजी, मी यात तिऱ्हाईत नाही," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

मुलाखतीच्या पाच दिवस आधी शेडगे आला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. पाकिटातून एकेक कागद काढून त्याच्यासमोर ठेवला आणि शाळेत शिकवावं तसं, कुठे काय झालं ते सांगितलं. चिठ्ठीवरची फोरमनची सही त्यांनी नियमाप्रमाणे काळी केली होती. प्रिंटआउटच्या तळाची दोन अक्षरं मात्र तशीच होती.

"एस. एम. म्हणजे मी. चूक माझी आहे. तसं मी लेखी दिलं आहे, ते मुलाखतीच्या फायलीत लावलं आहे. एक प्रत माझ्या फायलीतही लावली."

शेडगे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर बोट फिरवत राहिला.

"म्हंजी तीन बारी... ह्याच्यामुळं?"

"हो. माझ्यामुळे."

त्याने चिठ्ठीची झेरॉक्स उचलली. डोळ्यांजवळ नेली. "हे सावंत फोरमननं लिवलंय."

"ते मी सांगू शकत नाही. सही झाकलेली आहे."

"सही झाकून काय करता मॅडम? म बघा की. हा असा पोट सुटल्यावानी म आख्ख्या शापमंदी त्योच काढायचा." मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या, जणू त्यांनी ऐकलंच नाही. शेडगे चिठ्ठीशीच बोलत होता. "बारा वर्सं त्या बाबानं मला शिव्या घातल्या. रोज. कदी येका शब्दानं बरा म्हनला न्हाई. मी म्हनायचो, मेल्यावर तरी बरं बोलंल. आन् हितं लिवून ठिवलंय बेट्यानं."

मग त्याने कागदांची जपून घडी घातली, ती खिशात ठेवली आणि तो उठला.

"मॅडम, मला राग आलाय. लई आलाय. पर आज न्हाई. आज हे घरी दावायचंय. राग उद्या यिऊन करतो."

आणि तो खरंच आला! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत येऊन शेडगे दहा मिनिटं मॅडमना बोलला. हाताखालची पोरं साहेब झाली तेव्हा त्याला काय वाटलं, भावकीतल्या लग्नात लोक काय विचारायचे, बायको काय म्हणायची, सगळं. मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्याचा श्वास संपला. "झालं," तो म्हणाला. "पानी हाय का?" मॅडमनी पाणी दिलं. तो प्याला आणि कामावर गेला.

मुलाखतीत रोहन सर होते. मॅडमचं लेखी पत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, असं शेडगे सांगतो, आणि वाचताना त्यांनी एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. शेडगे इनचार्ज झाला. आता ग्राइंडिंगवर तो नव्या पोरांना इतक्या शिव्या घालतो की जुने लोक म्हणतात, सावंत परत आला.

इथे माझी गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर, मी छत्री विसरलो म्हणून परत आलो, तर मॅडम खोलीत एकट्याच. टेबलावर पोटमाळ्यावरचा गठ्ठा, समोर संगणक. एक डोळा चिठ्ठीवर, एक स्क्रीनवर.

"कुणाचा अर्ज?" मी विचारलं.

"कुणाचा नाही. सहाशे चिठ्ठ्या मी टाइप केल्या होत्या. एकच काना राहिला असेल कशावरून?"

मी छत्री ठेवली आणि खुर्ची ओढली. तेव्हापासून शनिवारी दुपारी मी चिठ्ठी वाचायचो, त्या स्क्रीनवर ताडायच्या. तीन चुका सापडल्या. त्यातला एकजण निवृत्त होऊन सासवडला राहतो. मॅडम एसटीने जाऊन त्याला कागद देऊन आल्या. तो म्हणाला, "आता काय उपयोग?" आणि तासभर त्यांना सोडलं नाही.

शेवटच्या शनिवारी गठ्ठ्याच्या तळाशी एक चिकटवलेलं पाकीट निघालं. ज्याची चिठ्ठी त्यानेच टाइप करू नये, म्हणून तेव्हाच्या साहेबांनी एक वेगळी काढून ठेवली होती. पाकिटावर नाव होतं, सुनंदा मेश्राम. सगळ्या कारखान्याला त्यांचे कागद दाखवणाऱ्या या बाईंनी स्वतःचा कागद कधी मागितलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"वाचू?"

"वाचा."

"'कामात चोख. अक्षर सुवाच्य. कुणात मिसळत नाही.'"

मॅडमनी मान हलवली. "बरोबर लिहिलं आहे. दुरुस्ती नाही."

मी गप्प बसायला हवं होतं, पण ते मला जमत नाही. "का नाही मिसळलात?"

त्यांनी गठ्ठ्याची सुतळी हातात घेतली, बोटाला गुंडाळली, सोडली. "पहिल्या आठवड्यात मी कॅन्टीनमध्ये गेले होते. एका टेबलावर चौघी होत्या. मी म्हणाले, काय खाऊन राहिल्या तुम्ही? तर त्या हसल्या. वाईट नव्हत्या हो, नुसत्या हसल्या. मग बाजूचं टेबल हसलं. दुसऱ्या दिवशी मी डबा इथेच उघडला. मग राहिलं ते राहिलंच."

हसणाऱ्यांत मी नव्हतो. मी तेव्हा कंपनीत नव्हतो. पण वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मॅडमची नक्कल करून पहिलं बक्षीस घेतलं, तेव्हा होतो. स्टीलचा डबा मिळाला होता, चार कप्प्यांचा.

"मॅडम, ते मी एकदा..."

"माहीत आहे. मी मागे उभी होते," त्या म्हणाल्या. "आवाज छान काढता. फक्त सूर जरा लांबवता."

मी उठलो. खांद्याच्या पिशवीतून तोच डबा काढला, त्यांच्या टेबलावरच्या फायली बाजूला केल्या आणि समोर बसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका टेबलावर डबे उघडले. माझ्याकडे पोळी आणि कोरडी मटकी होती. मॅडमनी त्यांच्या डब्यातली पाटवडी आणि चमचाभर रस्सा माझ्या झाकणात वाढला.

"तिखट आहे. झेपेल?"

मी म्हटलं, झेपेल. दोन घासांत डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मॅडमनी त्यांची बाटली माझ्याकडे सरकवली, आणि ते पाणी रश्श्यामुळेच आलं का, हे काही विचारलं नाही.